ब्रेकर मोरांट : पडद्यावरचा हुतात्मा, कागदोपत्री गुन्हेगार

ऑस्ट्रेलियात १९८० साली तयार झालेला ‘ब्रेकर मोरांट’ हा चित्रपट पाहणारा प्रेक्षक बहुधा कैद्यांच्या बाजूचा होऊनच उठतो. दक्षिण आफ्रिकेतील एका धुळकट लष्करी ठाण्यातल्या कोठड्या, मध्ये उन्हाने भाजलेले अंगण आणि न्यायालय म्हणून वापरली जाणारी एक खोली, एवढ्याच जागेत दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड याने पावणेदोन तासांचे नाट्य उभे केले आहे. तीन कैदी, आदल्याच दिवशी येऊन दाखल झालेला एक आडगावचा वकील आणि निकाल मनाशी पक्का करून बसलेले अधिकारी. शेवटी पहाटेच्या उजेडात उघड्या माळावर दोन खुर्च्या मांडल्या जातात आणि दोन कैदी एकमेकांचा हात धरून त्या खुर्च्यांकडे चालत जातात. हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला मोरांट निरपराध वाटला नाही तरी बळी मात्र नक्कीच वाटतो.

खरा मोरांट होऊन गेला, त्याच्यावर खटला चालला आणि २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियाच्या तुरुंगात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मात्र या माणसाचे चरित्र सांगायचे, तर पहिली अडचण त्याच्या नावापासूनच सुरू होते.

हॅरी हार्बर्ड मोरांट हे नाव त्याने स्वतःच घेतलेले. आपण डेव्हन परगण्यात जन्मलो, ॲडमिरल सर जॉर्ज डिग्बी मोरांट यांचे आपण पुत्र, काही कारणाने घर सोडून वसाहतीत आलो, अशी कथा तो ऑस्ट्रेलियात सांगत असे. या ॲडमिरलसाहेबांनी पुढे हे नाते साफ नाकारले. कागदपत्रांत आढळणारा मुलगा निराळा आहे. एडविन हेन्री मरंट हे त्याचे नाव. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या ब्रिजवॉटर गावी डिसेंबर १८६४ मध्ये त्याचा जन्म झाला. त्याचे आईवडील गावच्या ‘वर्कहाऊस’चे, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी आश्रयगृहाचे व्यवस्थापक होते. मुलाच्या जन्माआधी काही महिने वडील वारले आणि आईने एकटीने ते काम सांभाळून मुले वाढवली. अशा घरातून आलेल्या तरुणाला घोड्यावरची बैठक, सभ्य समाजातली बोलीचाली आणि बायरनच्या कवितेची गोडी कुठून लागली, याचा पूर्ण उलगडा होत नाही. सरदारी थाटाची नक्कल मात्र त्याने इतकी हुबेहूब साधली होती, की मोठमोठी घरे तिला फसली.

एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांचा मरंट क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिल बंदरात उतरला. वर्षभरातच, मार्च १८८४ मध्ये, चार्टर्स टॉवर्स या सोन्याच्या खाणींच्या गावी त्याने डेझी ओड्वायर नावाच्या आयरिश तरुणीशी लग्न केले. लग्नाच्या दाखल्यावर वय मात्र एकवीस लावले. लग्नाचा खर्च त्याने भागवला नाही आणि थोड्याच दिवसांत डुकरे व खोगीर चोरल्याचा आळ त्याच्यावर आला. त्यातून तो सुटला खरा. पण डेझीने त्याला घराबाहेर काढले. दोघांनी रीतसर घटस्फोट कधीच घेतला नाही. पुढे हीच डेझी, डेझी बेट्स या नावाने, ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये अनेक वर्षे राहून त्यांच्या भाषा-चालीरीतींची नोंद करणारी स्त्री म्हणून विख्यात झाली. ब्रेकर मोरांट आपला पहिला नवरा होता हे तिने जन्मभर लपवून ठेवले. दोघांनीही आपापला भूतकाळ नव्याने रचून घेतला होता, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा.

लग्न मोडल्यावर मरंटचा मोरांट झाला. पुढची पंधरा वर्षे त्याने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गायरानांत काढली. गुरांचे तांडे हाकणे, कुरणांवर राखणदारी करणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अडेल, उधळणारी घोडी माणसाळवणे. आपल्याकडे ज्याला चाबूकस्वार म्हणत, त्यालाच तिकडे ‘ब्रेकर’ म्हणतात. कोणालाही पाठीवर बसू न देणारे घोडे त्याने वठणीवर आणल्याच्या हकीकती आजही सांगितल्या जातात. १८९१ पासून सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात ‘द ब्रेकर’ या टोपणनावाने त्याच्या कविता छापून येऊ लागल्या. बँजो पॅटर्सन, विल ओगिल्वी हे त्या काळचे नामांकित रानकवी त्याला ओळखत होते. मोरांटची कविता त्यांच्या तोडीची नव्हती. पण घोडा, वाट, दुरावलेली प्रेयसी आणि मद्याचा पेला या विषयांवर तो सफाईने लिहीत असे आणि वाचकांना ते आवडे. उधारी बुडवणे, न वटणारे धनादेश देणे आणि मग गाव सोडणे हा त्याचा दुसरा लौकिक होता. ज्यांचे पैसे बुडाले त्यांतले काही जणही पुढे त्याची आठवण प्रेमाने काढत. ही मोहिनी लक्षात ठेवायला हवी. पडद्यावर ती पुरेपूर उतरली आहे.

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य आणि डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांची दोन प्रजासत्ताके यांच्यात युद्ध पेटले. ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी स्वयंसेवक पाठवले. कर्जबाजारी मोरांटला ही संधीच होती. जानेवारी १९०० मध्ये तो साउथ ऑस्ट्रेलियन माउंटेड रायफल्समध्ये भरती झाला. निरोप पोहोचवणारा घोडेस्वार म्हणून त्याने चांगले काम केले. वरिष्ठांची मर्जी संपादन केली आणि मुदत संपल्यावर सन्मानाने मोकळा झाला. तिथेच थांबला असता, तर तो एक दुय्यम कवी म्हणूनच उरला असता.

पण युद्धाचे रूप पालटले होते. बोअरांची शहरे पडली, तरी त्यांच्या घोडेस्वार टोळ्या गनिमी काव्याने लढत राहिल्या. मराठी वाचकाला या युद्धतंत्राची महती सांगायला नको. लॉर्ड किचनेर याने त्यावर काढलेला तोडगा निर्दय होता. शेतवाड्या जाळायच्या, गुरेढोरे मारायची आणि बायकामुलांना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडायचे. या छावण्यांत उपासमारीने आणि साथींनी सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया व मुले मेली. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या; तिथल्या हजारो मृत्यूंची नीट मोजदादही त्या वेळी झाली नाही. हाच किचनेर पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला आणि व्हाइसरॉय कर्झनशी भांडून त्याला राजीनामा द्यायला लावून गेला.

बोअर युद्धकैद्यांना साम्राज्यभर विखरून टाकण्यात आले. सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान. हिंदुस्थानातल्या त्यांच्या मुक्कामांत अहमदनगरही होते. पोर्तुगीज मोझांबिकच्या हद्दीत पळून गेलेल्या बोअरांना पोर्तुगालने आपल्या देशात नेऊन निरनिराळ्या गावी ठेवले, त्यांत पेनिश हेही एक गाव होते. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्या कारावासामुळे गोमंतकीयांना ठाऊक झालेले पेनिश ते हेच.

एप्रिल १९०१ मध्ये मोरांट ‘बुशवेल्ट कार्बिनियर्स’ या नव्या पलटणीत लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. जेमतेम तीनशे माणसांची ही फौज पीटर्सबर्ग, म्हणजे आजचे पोलोक्वाने, इथे तळ ठोकून होती. उत्तरेच्या स्पेलोंकन या दुर्गम, मलेरियाने ग्रासलेल्या मुलुखात बोअर टोळ्या हुडकणे हे तिचे काम. या पलटणीत ऑस्ट्रेलियन होते, इंग्रज होते, शरण येऊन बाजू बदललेले बोअरही होते. मोरांट तिथे पोहोचण्यापूर्वीच तिची शिस्त बिघडलेली होती. जुलैच्या आरंभी शरण आलेल्या सहा बोअरांना ठार मारण्यात आले होते. कॅप्टन आल्फ्रेड टेलर या गुप्तवार्ता अधिकाऱ्याची त्या भागात अनिर्बंध सत्ता चालत असे आणि स्थानिक आफ्रिकी जनता त्याच्या नावाने थरथर कापे.

ही घडी बसवण्यासाठी कॅप्टन पर्सी हंट याला पाठवण्यात आले. हंट आणि मोरांट यांची घट्ट मैत्री जमली होती. कैदी आणायचे नाहीत, अशी वरिष्ठांची तोंडी आज्ञा असल्याचे हंटने आपल्या अधिकाऱ्यांना सांगितले, असे मोरांटचे पुढचे म्हणणे. मात्र हंट जिवंत असेपर्यंत मोरांटने स्वतः ही आज्ञा पाळली नाही. त्याने पकडलेले बोअर जिवंतच ठाण्यावर आणले. सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली या एका गोष्टीत आहे.

६ ऑगस्ट १९०१ च्या रात्री डाइव्हल्सक्लूफ येथील एका शेतघरावर हल्ला करताना हंट मारला गेला. त्याचे प्रेत नग्न आणि विटंबना केलेल्या स्थितीत सापडल्याची बातमी आली. ही विटंबना खरोखर झाली होती की नाही, यावर अद्याप वाद आहे. मोरांटला ती खरी वाटली आणि तो सूडाने पेटला. पाठलागात फिसर नावाचा एक जखमी बोअर तरुण हाती लागला. त्याच्या अंगावर ब्रिटिश गणवेशाचे काही कपडे होते. मोरांटने सहकाऱ्यांशी चार शब्द बोलून त्याला मृत्युदंड फर्मावला. पायाच्या जखमेमुळे त्याला उभेही राहता येत नव्हते, म्हणून बसवूनच गोळ्या घालण्यात आल्या.

२३ ऑगस्ट रोजी ताब्यात आलेल्या आठ बोअर कैद्यांना मोरांट, पीटर हँडकॉक आणि जॉर्ज विटन या अधिकाऱ्यांच्या देखत रस्त्याकडेला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच सुमारास डॅनियल हेसे नावाचा जर्मन मिशनरी त्या वाटेने छकड्यातून जात होता. कैद्यांशी त्याचे बोलणे झाले होते. पुढे काही मैलांवर तो मरून पडलेला सापडला. त्याचा आफ्रिकी गाडीवानही जिवंत राहिला नाही. ७ सप्टेंबरला शरण येण्यासाठी निघालेला व्हान स्टाडेन नावाचा शेतकरी आणि त्याचे दोन मुलगे यांना ठार करण्यात आले. धाकटा अजून पोरवयातला होता.

हे सगळे उघडकीला आणले ते शत्रूने नव्हे. याच पलटणीतील पंधरा साध्या शिपायांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. त्यांत ऑस्ट्रेलियन शिपाई होते. आपण लढायला आलो आहोत, कैद्यांचे खून पाडायला नाही, अशी त्यांची भावना त्या कागदात उमटली आहे. जिवावर उदार होऊन तक्रार करणाऱ्या या माणसांना चित्रपटात असंतुष्ट फितुरांच्या पलीकडे स्थान मिळालेले नाही. चित्रपटाचा खरा अन्याय कोणावर झाला असेल, तर तो त्यांच्यावर.

महिनाअखेरीस अटका झाल्या. येथून तुरुंगाचे प्रकरण सुरू होते आणि येथे चित्रपटाची बाजू भक्कम आहे. मोरांट, हँडकॉक आणि विटन यांना पीटर्सबर्गच्या लष्करी ठाण्यात एकमेकांपासून वेगळे, एकांत कोठड्यांत ठेवण्यात आले. जवळजवळ तीन महिने त्यांना बाहेरच्या कोणाचाही सल्ला मिळाला नाही. १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलिया हे संघराज्य झाले होते. पण आपल्या नागरिकांवर जिवावरचा खटला उभा राहिला आहे, हे त्या सरकारला कोणी कळवले नाही. बचावाला मेजर जे. एफ. थॉमस उभा राहिला. हा न्यू साउथ वेल्समधील टेंटरफील्ड या लहानशा गावचा वकील. मृत्युपत्रे, जमिनीचे व्यवहार हा त्याचा व्यवसाय. तयारीला त्याला जेमतेम एक दिवस मिळाला.

१६ जानेवारी १९०२ पासून लष्करी न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. खटला चालू असतानाच बोअरांनी पीटर्सबर्गवर छापा घातला. त्या वेळी कैद्यांना कोठड्यांतून बाहेर काढून हाती बंदुका देण्यात आल्या, ते लढले, आणि लढाई संपताच पुन्हा कोठडीत गेले. संकटकाळी कैद्याकडून लढाईचे काम करून घेतले तर त्याचा आधीचा गुन्हा माफ धरावा, असा लष्करातला जुना संकेत होता. थॉमसने त्याकडे बोट दाखवले. न्यायालयाने ते मानले नाही.

मोरांटने कैदी मारल्याचे नाकारले नाही. आज्ञा होती आणि आपण ती पाळली, एवढाच त्याचा बचाव. ही तोंडी आज्ञा किचनेरचा लष्करी सचिव कर्नल हॅमिल्टन याच्याकडून हंटला मिळाल्याचे सांगितले जात होते. हॅमिल्टनने साक्षीत ते साफ नाकारले आणि हंट तर मेलेला होता. तेव्हा आज्ञा होती की नव्हती, याचा पुरावा कबरीत गेला. इतर पलटणींतही कैदी मारले जात, ब्रिटिश गणवेश घातलेल्या बोअरांना गोळ्या घालण्याचे प्रकार घडत, हे दाखवण्याचा थॉमसने कसून प्रयत्न केला. त्याचे म्हणणे निराधार नव्हते. तरीही सूडासाठी मारलेल्या शरणागत मुलाचे समर्थन त्यातून निघत नव्हते.

हेसेच्या खुनातून मोरांट आणि हँडकॉक निर्दोष सुटले. आपण त्या दिवशी दोन बोअर स्त्रियांच्या घरी होतो, असे हँडकॉकने सांगितले आणि त्या दोघींनी दुजोरा दिला. बाकीच्या आरोपांत ते दोषी ठरले. न्यायालयाने स्वतःच दयेची शिफारस केली होती. किचनेरने विटनची शिक्षा जन्मठेपेवर आणली, मोरांट आणि हँडकॉक यांची कायम केली. टेलर सुटला. पलटणीचा प्रमुख मेजर लेनेहॅन ताशेरे घेऊन मायदेशी रवाना झाला. युद्ध संपवण्याची बोलणी करण्यासाठी आणि जर्मनीचा रोष शमवण्यासाठी दोन वसाहतवाल्यांचा बळी दिला गेला, हा आरोप तेव्हापासून आजतागायत होत आला आहे. किचनेरच्या मनात काय होते हे कागदावर नाही. पण ज्याच्या धोरणाने हजारो मुले छावण्यांत मेली, त्याने दोन लेफ्टनंटांच्या क्रौर्याला देहान्त शासन द्यावे, यातला विरोध डोळ्यांत खुपणाराच आहे.

शिक्षा कैद्यांना २६ फेब्रुवारीला कळली आणि दुसऱ्याच पहाटे तिची अंमलबजावणी झाली. थॉमस किचनेरच्या भेटीसाठी धावला, तेव्हा सेनापती प्रिटोरियात नसल्याचे त्याला सांगण्यात आले. मोरांटने ती रात्र शेवटची कविता लिहिण्यात घालवली; ती पुढे ‘बुलेटिन’मध्ये छापून आली. सकाळी त्याने डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही आणि कॅमेरून हायलँडर्सच्या शिपायांना नेम नीट धरायला सांगितले, अशी परंपरागत कथा आहे. मरण त्याने धैर्याने पत्करले, याबद्दल दुमत नाही. दोघांना प्रिटोरियात एकाच कबरीत पुरण्यात आले.

बातमी ऑस्ट्रेलियात पोहोचायला कित्येक आठवडे लागले. पोहोचली तेव्हा गदारोळ उठला. विटनच्या सुटकेसाठी सह्यांची मोहीम झाली आणि १९०४ साली तो मोकळा झाला. १९०७ मध्ये त्याने ‘स्केपगोट्स ऑफ द एम्पायर’ हे पुस्तक लिहिले. साम्राज्याने आपली कातडी वाचवण्यासाठी या तिघांना पुढे केले, हा त्याचा सूर. बळी गेलेल्या मोरांटची प्रतिमा याच पुस्तकाने घडवली. केनेथ रॉसचे १९७८ मधील नाटक आणि त्यावरून बेरेसफर्डचा चित्रपट यांनी ती जगभर नेली. व्हिएतनाममधील माय लाय हत्याकांडाच्या खटल्याला तेव्हा दहा वर्षेही झालेली नव्हती. हुकूम देणारे मोकळे राहतात आणि हुकूम पाळणारे पिंजऱ्यात उभे राहतात, हा विषय प्रेक्षकांना ताजा होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बर्रा या जुन्या खाणगावी चित्रीकरण झाले. थॉमसच्या भूमिकेसाठी जॅक थॉम्पसनला कान महोत्सवात साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. मोरांटची भूमिका एडवर्ड वुडवर्ड या इंग्रज नटाने केली.

चित्रपटात निरनिराळे खटले एकत्र बांधले आहेत, ते नाटकाच्या सोयीसाठी. त्याला कोणी हरकत घेऊ नये. व्हान स्टाडेन आणि त्याच्या मुलांना मात्र त्यात जागा मिळाली नाही, आणि हे गाळणे सोयीपुरते राहत नाही. बेरेसफर्डने पुढे अनेकदा सांगितले, की हे लोक निर्दोष होते असे दाखवण्याचा आपला हेतू नव्हता. चांगली माणसे युद्धात अशी कशी वागतात, एवढेच आपल्याला दाखवायचे होते. पण जनमानसावर त्याच्या हेतूपेक्षा त्या दोन खुर्च्यांचा पगडा अधिक बसला. मरणोत्तर माफीसाठी ऑस्ट्रेलियातून झालेली विनंती ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये फेटाळली. खटल्याचे मूळ कागद गहाळ आहेत, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे पुढे रेटायला वाव उरला आहे.

एक कागद मात्र उरला. १९२९ साली वृद्ध विटनने आपला जुना वकील थॉमस याला एक पत्र लिहिले. हेसेला आपणच मारले आणि मोरांटला ते ठाऊक होते, अशी कबुली हँडकॉकने तुरुंगात आपल्यापाशी दिली होती, असे त्याने त्यात कळवले. पुस्तक लिहिताना त्याने ही गोष्ट सांगितली नव्हती. हे पत्र सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात अनेक वर्षे मोहोरबंद होते. बेरेसफर्डने ते मानले. हँडकॉक मिशनरीवर नेम धरतो, हे दृश्य त्याच्या चित्रपटात आहे. प्रेक्षक ते पाहतात आणि तरीही शेवटी कैद्यांसाठीच हळहळतात.